म्हशीचा चांगला अर्थ

मुलीला लातूरला होस्टेलवर ठेवलं तेव्हा घरी फोन करायची वेळ ठरलेली होती, सकाळी सहा ते साडेसहा. मुलींचे मोबाइल जमा करून घेतलेले. रेक्टरबाईंच्या खोलीत टेबलावर एक साधा बटणांचा फोन आणि त्याच्यापुढं मुलींची रांग. एकेकीच्या वाट्याला तीन-चार मिनिटं यायची. त्या वेळी माझ्या भाकरी चाललेल्या असायच्या. मी फोन स्पीकरवर टाकून पिठाच्या डब्याला टेकवायची आणि थापता-थापता बोलायची.

मुखेडजवळच्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. मालक मुखेड डेपोत एसटीचे कंडक्टर. आम्हाला एवढी एकच मुलगी. दहावीला ती तालुक्यात वरच्या नंबरात आली, तेव्हा गावातल्या पोरांनी थांब्याजवळ तिचा फ्लेक्स लावला. फोटोखाली मोठ्या अक्षरांत 'भावी डॉक्टर' असं छापलं होतं. हे कुणी ठरवलं, ते मला आजही सांगता येणार नाही. मालकांनी नाही, मीही नाही, आणि तिला तर कुणी विचारलंच नाही. पण छापून आल्यावर ते ठरल्यासारखंच झालं. जूनमध्ये आम्ही तिला लातूरला मेडिकलच्या क्लासला नेऊन सोडलं.

पहिले दोन महिने ती फोनवर जेवणाचंच बोलायची. वरणात डाळ नसते, पोळ्या चिवट असतात. मग एके दिवशी म्हणाली, "आई, सपान पडलं."

"कसलं गं?"

"हत्तीचं. क्लासच्या दारात हत्ती उभा हाय. आख्खं दार भरून. सगळ्या पोरी त्याच्या पोटाखालून वाकून आत चालल्यात, अन् मला वाकताच येईना."

मी हसले. "हत्ती म्हणजे गणपती की. दारातच उभा राहिलाय तर चांगलंच हाय."

"हाव का?" ती म्हणाली. मागून कुणीतरी "आटप की" म्हणालं आणि फोन बंद झाला.

स्वप्नांचे अर्थ सांगणं हे मला माझ्या मायकडून आलेलं. माय कंधारला माझ्या भावाकडं असते. मी लहान होते तेव्हा गल्लीतल्या बाया सकाळी पाण्याला जाता-जाता आमच्या दारात थांबून स्वप्न सांगायच्या. माय आधी दोन-तीन गोष्टी विचारायची. जनावर तुझ्याकडं तोंड करून होतं का पाठ करून? मोकळं होतं का बांधलेलं? आवाज केला का? मग सांगायची. गाय दिसली तर घरात बरकत. मासा दिसला तर घरात कुणाला तरी दिवस जाणार. कुत्रं चावलं तर जवळचं माणूस दगा देणार. साप दिसला तर कुळाच्या देवाचं काहीतरी राहून गेलंय. म्हैस म्हटलं की मात्र ती पुढं काही विचारत नसे. म्हैस काय आणि रेडा काय, काळाचंच जनावर. "शनिवारी मारुतीला दिवा लाव," एवढंच म्हणायची.

आणि एक गोष्ट ती प्रत्येकीला बजावायची. स्वप्नाला पहिला जो अर्थ सांगितला जातो, तोच त्याला लागतो. म्हणून स्वप्न कुणालाही सांगू नये, आपलं बरं चिंतणाऱ्या माणसालाच सांगावं. हे माझ्या मनात इतकं मुरलंय की रोज मुलांची वजनं-उंच्या मोबाइलमध्ये भरणारी मी, पण सकाळी कुणी स्वप्न सांगायला लागलं की आधी तोंडातून चांगलं काहीतरी काढून टाकते. मुलगी मला स्वप्न सांगते म्हटल्यावर मला बरंच वाटलं होतं. योग्य माणसाला सांगतेय, असं वाटलं.

गणपती बसून उठले आणि दुसरं स्वप्न आलं.

"आई, म्हैस आली व्हती. माझ्या कॉटवर येऊन बसली. मला सरकायला जागाच न्हाई. मी भिताडाला टेकले तर ती आजूक सरकली."

माझा हात तव्यावरच राहिला. बोटं भाजली तेव्हा भान आलं. मनात जे आलं ते मी बोलले नाही. पहिला अर्थ मीच सांगणार होते ना. "दुभती व्हती का?" मी विचारलं.

"माहीत न्हाई."

"दुभतीच आसंल. घरात दूधदुभतं येणार बघ. चांगलं हाय, बाळा. खाऊन घेत जा नीट."

"बरं," ती म्हणाली.

त्या शनिवारी मी मुखेडला जाऊन मारुतीपुढं दिवा लावून आले. मालकांना सांगितलं नाही. ते हसले असते.

दिवाळीला ती चार दिवस आली. वाळली होती. पुस्तक घेऊन बसायची आणि मी खोलीतून दोनदा जाऊन आले तरी पान तेच असायचं. मी तिच्याजवळ करंज्यांची ताटली ठेवायची आणि पोरगी अभ्यासात गढलीय म्हणून पाय न वाजवता बाहेर यायची.

परत गेल्यावर स्वप्नं वाढली. एकदा माकड तिच्या जागेवर बसून पेपर लिहून राहिलं होतं, ती बाहेर खिडकीचे गज धरून उभी होती, आणि सर माकडाच्या पाठीवर हात ठेवून शाब्बास म्हणत होते. मी म्हटलं, मारुतीच तुझा पेपर लिहितोय की. एकदा मांजर होतं. पिल्लं कुठं ठेवली ते विसरून होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून हिंडणारं. मी म्हटलं, मांजर पिल्लांना सात घरं फिरवतंच, त्यात काय मोठं. खरं सांगायचं तर मला त्या फोनची गोडी लागली होती. अंगणवाडीत खिचडी शिजेपर्यंत मी मदतनीसबाईंना मुलीची स्वप्नं रंगवून सांगायची. त्या म्हणायच्या, "किती बारीक बघतीय पोरगी!" आणि मला अभिमान वाटायचा.

मालकांना त्या हंगामात मंगळवारी आणि शुक्रवारी लातूरची ड्युटी असायची. मी डबा द्यायची. मुलगी स्टँडवर येऊन डबा घ्यायची, दहा मिनिटं बापाजवळ उभी राहायची आणि जायची. घरी आले की मी विचारायची, "कशी हाय?" ते म्हणायचे, "बरी हाय. अभ्यास चालू हाय." बास, एवढंच. क्लासचे मेसेज त्यांच्याच मोबाइलवर यायचे. मी कधी मागितला नाही, त्यांनी कधी दाखवला नाही.

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. तो बुधवार होता. तिचा आवाज सपाट होता, धडा वाचून दाखवावा तसा.

"आई, शेळी दिसली. लहानच हाय. बाजारला नेऊन राहिलेत तिला. ती चालंना म्हणून ओढायलेत. दावं पप्पांच्या हातात हाय. अन् तू पुढं हायस, हातात हिरवा पाला घेऊन. चल, चल म्हणायलीस तिला."

"मग?"

"मग काय न्हाई. बाजारात लई गर्दी व्हती."

"शेळी म्हणजे..." मी सुरुवात केली आणि पुढं शब्दच येईना.

"ऱ्हाऊ दे, आई. मागं पोरी थांबल्यात." फोन तिनंच ठेवला.

अंगणवाडी उघडली, मुलं आली, प्रार्थना झाली. माझं लक्ष लागेना. मुलांना मदतनीसबाईंजवळ बसवून मी मागच्या पायरीवर गेले आणि मायला फोन लावला. शेळीचं स्वप्न मुलीनं सांगितलं तसंच सांगितलं. मला वाटलं, माय विचारेल, शेळी ओरडली का, काळी होती का पांढरी. तिनं विचारलं, "ह्याच्या आधी काय काय दिसलं तिला?"

मी सगळं सांगितलं. हत्ती, म्हैस, माकड, मांजर. मी काय अर्थ सांगितले तेही सांगितलं.

"माय, ऐकू यायलंय का?"

"ही सपनं न्हाईत, बाई."

"म्हंजी?"

"सपान असं शिवल्यावानी नसतंय. माणूस शेळी बघतंय, मधीच त्या शेळीची मावशी व्हती, अन् मावशी हिरीत बसून भाजी निवडती. दावं कोणाच्या हातात अन् पाला कोण दाखवून राहिलंय, येवढं नीट सपनात दिसत न्हाई. पोरगी तुला कायतरी सांगून राहिली. अन् तू अर्थ सांगत बसलीस."

मी म्हटलं, "रविवारी जाऊन येते."

"आज जा," माय म्हणाली.

मदतनीसबाईंवर मुलं सोपवून मी निघाले. मालक त्या दिवशी नांदेडच्या गाडीवर होते. त्यांना फोन केला नाही. काय सांगणार होते? शेळी दिसली म्हणून चाललेय? लातूरची गाडी मिळाली, खिडकीजवळ जागाही मिळाली. शिरूर ताजबंदला गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं, "दवाखान्याला चाललाव का?" माझं तोंड तसं झालं असणार.

होस्टेलवर पोचले तेव्हा एक वाजला होता. रेक्टरबाई चांगल्या वागल्या. पाणी दिलं. म्हणाल्या, "क्लासला गेलीय. रोज सातला जाते, दोनला येते. तिची काही तक्रार नाही बघा. फार शिस्तीची मुलगी."

मला तिथं बसवेना. क्लास दोन गल्ल्या सोडून होता. तिथल्या टेबलावरच्या मुलीला मी नाव सांगितलं. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. महिन्याच्या तारखा होत्या. लाल, लाल, मध्येच हिरवी, परत लाल.

"मॅडम, ह्या गैरहजर आहेत. वडिलांच्या नंबरवर रोज मेसेज जातो."

हिरव्या तारखा मी बोटानं मोजल्या. मंगळवार, शुक्रवार. मंगळवार, शुक्रवार. बाप लातूरला येतो त्याच दिवशी पोरगी क्लासला होती. इतर दिवशी सकाळी सातला होस्टेलमधून निघून ती कुठं जात होती, हे त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं.

मला लातूरचं एकच ठिकाण नीट माहीत, स्टँड. पाय तिकडंच वळले. तिथं पोचून खांबाला टेकले आणि मालकांना फोन लावला. त्यांच्या मागून गाडीचा आवाज येत होता.

"क्लासचे मेसेज येत व्हते का तुमाला?"

"सुटे द्या, सुटे," ते कुणाला तरी म्हणाले.

"आवं, मी इच्यारायलेय."

"येत व्हते," ते म्हणाले. "मी इच्यारलं तिला. हजेरीची मशीन अंगठा घेईना म्हणली. का? तू कुठून बोलायलीस?"

"लातूरहून. पोरगी क्लासला न्हाई. होस्टेलला न्हाई. कुठं हाय मला..." एवढं बोलले आणि मला तिची सॅक दिसली. निळी सॅक, मीच मुखेडला घेतलेली. उदगीरच्या फलाटासमोरच्या बाकावर होती आणि सॅकच्या बाजूला माझी मुलगी बसली होती. हात मांडीवर, केस नीट बांधलेले. येणाऱ्या गाडीकडं बघत होती. मी त्याच स्टँडवर तासाभरापूर्वी उतरले होते. तिच्यासमोरून गेले असेन.

"सापडली," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मला बघून ती उठली नाही. आधी माझ्या मागं बघितलं. "पप्पा बी आलेत का?"

"न्हाई. मी एकटीच."

मी शेजारी बसले. रागवायचं, रडायचं, सगळं येताना ठरवलं होतं. त्यातलं काही झालं नाही. "रोज हितंच असतीस?" मी विचारलं.

"हाव. हितं कोण कोणाला इच्यारत न्हाई. सगळेच बसलेले असतेत."

"अन् सपनं?"

ती बोटानं सॅकची चेन मागं-पुढं करायला लागली. "पहिलं खरं व्हतं. हत्तीचं. नंतर झोपच न्हाई लागली, सपनं कुठून पडतेत?"

"मग का सांगितलीस?"

"काय सांगू मग? मागं धा पोरी उभ्या, रेक्टरबाई तिथंच. मला जमंना म्हणून सांगू? जनावराचं सांगितलं की तू ऐकून घ्यायचीस." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हैस म्हणजे वाईट, हे मला आज्जीमुळं माहीत हाय. म्हणून मुद्दाम म्हैस सांगितली. मला वाटलं, म्हैस म्हटल्यावर तू पळत येशील. तू म्हणलीस दूधदुभतं येणार."

मी दिवा लावला होता, हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. बरं झालं.

आम्ही होस्टेलवर गेलो. रेक्टरबाई म्हणाल्या, परीक्षा अजून लांब आहे, पोरी अशा घाबरतातच, दोन दिवस नेऊन आणा. मी सगळं सामान बांधलं. परतीच्या गाडीत चाकूर यायच्या आधीच मुलगी माझ्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. खांदा बधिर झाला तरी मी हलले नाही. एक प्रश्न मनात सारखा येत होता आणि तो तिला कसा विचारायचा ते मला कळत नव्हतं. स्टँडवर बसून ती नुसत्या गाड्याच बघत होती का?

मालक संध्याकाळी आले. दारात चप्पल काढून बराच वेळ तिथंच उभे राहिले. आत येऊन तिला म्हणाले, "जेवलीस का?"

"हाव."

दोन दिवसांनी त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. सगळे मेसेज तसेच होते, एकही पुसला नव्हता. "मशीनचं मला खरं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "पण आजूक इच्यारायचं भ्या वाटलं." त्यांनी मेसेज दाबून ठेवले, मी स्वप्नं गोड करून ठेवली.

गावात जे व्हायचं ते झालं. "लातूरचं झेपलं न्हाई वाटतं," असं बाया माझ्यासमोरच म्हणाल्या. तिला नांदेडला मनाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी तिला तासभर एकटीला आत घेतलं, मग मला बोलावलं. झोप जाणं, भीती बसणं हा आजार आहे, ह्याला औषध आहे, वेळ लागेल, असं सांगितलं. आणि म्हणाल्या, "तिला थेट विचारत जा, जगू नये असं वाटतं का म्हणून. विचारल्यानं ते वाढत नाही. उलट सांगायला वाट मिळते."

त्या दिवशी नांदेडच्या स्टँडबाहेर रसाच्या गाड्यावर आम्ही बसलो होतो. मी विचारलं. थेट, डॉक्टरीणबाईंच्याच शब्दांत, कारण माझे शब्द नव्हते.

ती रसाच्या ग्लासातला बर्फ हलवत राहिली. "वाटायचं. दोन-तीन वेळा. आता कमी झालंय."

"परत वाटलं तर सांगशील?"

"तू अर्थ सांगणार नसशील तर सांगीन."

उन्हाळ्यात मी कंधारला गेले तेव्हा मायवर चिडले. हे चांगले-वाईट अर्थ तूच मला शिकवलेस म्हणाले. पहिला अर्थ लागतो म्हणून मी खोटं बोलत राहिले. माय शेंगा फोडत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एखादी बाई म्हैस दिसली म्हणली की मी तिला दिवा लाव म्हणायची. अन् दुपारी तिच्या घरी जाऊन बसायची. काय चाललंय, सासू मारती का, जेवण जातंय का, बघून यायची. तू साळंत आसायचीस. तुला कसं दिसंल?"

मी तिच्याजवळ बसून शेंगा फोडल्या. खरंच, मला कधी दिसलं नव्हतं. मला अर्थ तेवढे पाठ होते.

बारावी तिनं मुखेडच्या कॉलेजातून केली. मार्क बेताचेच पडले. आता नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. गोळ्या बंद होऊन दीड वर्ष झालं. मालकांना डेपोत कुणी विचारलं तर "नांदेडला हाय" एवढंच सांगतात, काय शिकते ते सांगत नाहीत. हे तिला कळतं, मलाही कळतं. त्यावरून घरात एकदा वाजलं होतं. नंतर कुणी तो विषय काढला नाही.

मोबाइल आता तिचा तिच्याजवळ असतो. मनात आलं की फोन करते, नाही आलं तर चार-चार दिवस करत नाही. बरी आहे म्हणते. आवाज बरा असतो. तरी फोन ठेवल्यावर मी तो आवाज पुन्हा मनात ऐकत बसते, कुठं सपाट होता का म्हणून. मग अंगणवाडीला सुट्टी असेल त्या दिवशी न सांगताच नांदेडची गाडी पकडते. गेल्या महिन्यात अशीच गेले. दार उघडलं, केस ओले, हातात कंगवा.

"आई, सांगून येत जा की," ती वैतागून म्हणाली. "मला दहाला प्रॅक्टिकल हाय."

"तू जा. मी बसते हितं."

"बसून काय करणार?"

"काय न्हाई. बसते."

तिनं कंगवा ठेवला, गॅसवर चहा टाकला आणि माझ्याशी न बोलता दोन कप पुसले. चहा पिऊन ती प्रॅक्टिकलला गेली. मी खोली झाडली, तिच्या उशीची खोळ बदलली, आणि अकराच्या गाडीनं परत आले.